बॅच क्रमांक ७१४ ची जप्त काडतुसे परत न करण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
शस्त्र परवाना विभाग,
जिल्हा पोलीस मुख्यालय.

अर्जदार : योरवर्थ प्रॉबर्ट, वय ६७ वर्षे, निवृत्त कामगार (कोळसा खाण, कामगारांचे दिवे सांभाळणारे दिवाघर), चिटणीस, कूमहेलिग रायफल क्लब, कूमहेलिग, दक्षिण वेल्स.

विषय : जप्त केलेली .२२ ची ४,३२० काडतुसे मला परत न करण्याबाबत, तसेच एक रायफल स्वखुशीने जमा करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. १२ ऑक्टोबर १९८३ चे पत्र. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज (अनुक्रमे ६००, २००, ६० व २५ काडतुसांच्या मागणीचे).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपल्या कार्यालयात वस्तू परत मागणारे अर्ज ढिगाने येत असतील. परत देऊ नका म्हणणारा कदाचित हा पहिलाच असेल. म्हणून विनंती की, शिक्का मारण्यापूर्वी खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, चहा असेल तर हाताशी ठेवावा आणि एक हकीकत ऐकून घ्यावी. हकीकत मोठी नाही. तिच्यात एक बाई आहे, एक रायफल आहे आणि जिन्याखालच्या कपाटातली काही खोकी आहेत.

१. माझी पत्नी टेगवेन, वय ६३, ही एकेचाळीस वर्षे आमच्या क्लबात नेमबाजी करीत आली. पोटावर झोपून, शंभर यार्डांवर, वीस गोळ्या, दोनशे गुण. या अंतरावर पूर्ण दोनशे मिळवणाऱ्यांची नावे क्लबाच्या भिंतीवरील फलकावर सोनेरी अक्षरांत असतात. आजवर अकरा नावे झाली. त्यातली शेवटची सहा टेगवेनने स्वतःच्या हाताने रंगवली आहेत, कारण खोऱ्यात तिच्याइतका स्थिर हात कुणाचा नव्हता. तिचे स्वतःचे गुण चार वेळा एकशे नव्याण्णव झाले. दरवेळी ती म्हणाली, “एक गुण माझाच गेला. मला माहीत आहे कुठे गेला ते.” आणि घरी येऊन तिने बटाटे सोलायला घेतले.

२. गेल्या जानेवारीत डॉक्टरांनी तिच्या कंपवाताचे निदान केले. उजव्या हाताचे बोट. औषधाची गोळी घेतल्यावर तास-दीड तास हात ऐकतो, मग ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा मिळेल, पुढचा सांगता येत नाही. टेगवेन बाहेर येऊन म्हणाली, “योर, मग हाच उन्हाळा. मला एक चांगली बॅच शोधून दे.”

३. येथे तांत्रिक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण आपल्या पहिल्या पत्रात “समतुल्य काडतुसे बाजारात मुबलक उपलब्ध आहेत” असे नमूद आहे. महोदय, मोठ्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध टिकलीत असतो. आमच्या बारीक काडतुसात तो बुडाच्या कडेत, गरगर फिरवून बसवलेला असतो. तो कुठे राईभर जास्त बसतो, कुठे कमी. हे काडतूस घरी उघडून पुन्हा भरता येत नाही. कारखान्याने दिले तसे घ्यावे लागते. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, एकाच हिरव्या डब्यातले काडतूस मार्चमध्ये एक वागते आणि एप्रिलमध्ये दुसरे. जी गोळी किंचित मंद निघते, ती शंभर यार्डांवर खाली पडते. त्यात नेम धरणाऱ्याचा काही दोष नसतो. डब्याच्या झाकणावरचा बॅच क्रमांक हीच तिची खरी ओळख. शिवाय एका रायफलीला जी बॅच मानवते, ती शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. का, ते सांगता येत नाही. माणसांचे तरी कुठे सांगता येते?

४. म्हणून मी मार्च महिन्यात कार्डिफच्या दुकानदाराकडून चौदा बॅचचा एकेक डबा आणला. वारा नसलेल्या सकाळी टेगवेनची रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून प्रत्येक बॅचच्या दहा-दहा गोळ्या झाडल्या. एक बॅच संपवून दुसरी घेताना, गोळ्यांवरचे नळीत बसलेले आधीचे मेण निघून नवे बसेपर्यंत पंधरा गोळ्या मातीत. हे काम अकरा सकाळी चालले. तेरा बॅचची छिद्रे अंड्याएवढ्या जागेत पसरली, काहींची त्याहून जास्त, आणि पसरली ती उभी, म्हणजे वेगात फरक. चौदावी बॅच, क्रमांक ७१४, हिची दहाही छिद्रे कोटाच्या गुंडीखाली झाकली गेली. मी गुंडी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती स्वतः छिद्रांवर ठेवून पाहिली. मग म्हणाली, “आता चुकले तर मीच चुकले, होय ना?” मी होय म्हणालो. इतका आनंद मी तिच्या लग्नात पाहिला नव्हता, आणि ते लग्न माझ्याशीच झाले होते.

५. दुकानदाराकडे त्या बॅचची पाच हजार उरली होती. मी ती क्लबाच्या परवान्यावर रीतसर खरेदी केली. तथापि क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला हात लावला तर ओला होतो, आणि दमट जागी ठेवलेली काडतुसे बिघडतात. सबब मी ती नियमबाह्यरीत्या माझ्या घरी, जिन्याखालच्या कपाटात, कोळशाच्या घमेल्यामागे ठेवली. हा गुन्हा मी तेव्हाही जाणत होतो. यात टेगवेनचा काही संबंध नाही.

६. दि. ८ मे रोजी, रविवारी, आमच्या चॅपेलमध्ये वृद्ध रेव्हरंड बेनन यांचा उपदेश होता. आपण तो प्रकार ऐकला आहे की नाही, मला कल्पना नाही. ते साधे बोलायला सुरुवात करतात. बोलता बोलता वाक्याला लय येते, आवाज सुरावर चढतो, आणि शेवटी उपदेशाचे गाणे होते. मग खाणीत तीस वर्षे काढलेले पुरुषही रुमाल चाचपू लागतात. मी लहानपणापासून या गाण्यावर जगलो आहे. त्या दिवशी ते गायले, “काय ठेवलं आहेस जिन्याखाली, माझ्या लेकरा?” तीनदा गायले, दरवेळी एक सूर वर. टेगवेनने मला कोपराने ढोसले. “तुझ्याकडे बघून गातोय का रे हा?” ते कुणाकडेच बघत नव्हते. त्यांना नीट दिसतही नाही.

७. सोमवारी सकाळी मी गावच्या ठाण्यात जाऊन सार्जंट मेरेडिथ यांना सर्व सांगितले. ते चॅपेलमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून खर्जात गातात. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “योरवर्थकाका, मी काही ऐकलंच नाही. तुम्ही घरी जा, खोकी क्लबात हलवा, संध्याकाळी गाण्याच्या तालमीला या.” मी म्हणालो, “नाही बाबा, लिहून घे.” ते म्हणाले, “काका, लिहिलं की ते माझं राहत नाही. वर जातं.” मी तरीही लिहायला लावले. त्यांच्यावर कोणताही ठपका ठेवू नये. घरी आल्यावर टेगवेनने विचारले तेव्हा मी सांगितले. ती पायरीवर बसली. “अरे, देवाला सांगायचं होतं, तर देवाला सांगायचं. त्याला कुठे पंचनामा करावा लागतो?”

८. दि. १० मे रोजी, सराव व चाचणीत गेलेली वगळता उरलेली ४,३२० काडतुसे जप्त झाली. त्यानंतरचा पत्रव्यवहार आपल्या दप्तरी आहेच, तरी क्रम असा. टेगवेनचा स्वतःचा परवाना शाबूत होता, त्यावर तिला सहाशे बाळगता येत होती. सबब तेवढीच तिला मिळावीत, असा मी पहिला अर्ज केला. उत्तर : समतुल्य काडतुसे उपलब्ध आहेत. मी दोनशे मागितली. उत्तर : समतुल्य नसल्याचा पुरावा सादर करावा. मी साठ मागितली, शेजारी-शेजारी झाडून दाखवतो म्हणालो. उत्तर : चाचणीसाठी जप्त काडतुसे मुक्त करावी लागतील आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत ती मुक्त करता येणार नाहीत. मग चौकशी का पूर्ण होत नाही, अशी विचारणा केली असता कळवण्यात आले की, आपल्या मोजणीत ४,३१६ भरली, चार कमी आहेत, आणि त्या चारांचा शोध सुरू आहे. आम्ही घर उलथेपालथे केले. कोटाचे अस्तर उसवले. टेगवेन म्हणाली, “माझेच चार दात दे काढून त्यांना.” सात आठवड्यांनी कळवण्यात आले की फेरमोजणीत आकडा बरोबर भरला, तसदीबद्दल दिलगिरी आहे. तोवर ऑगस्ट संपत आला होता. मी पंचवीस मागितली. पाच नेम बसवायला, वीस मोजणीच्या. या अर्जाला उत्तर आले नाही.

९. दि. २४ सप्टेंबर रोजी, शनिवारी, तिने दुकानातली दुसरी बॅच घेतली. औषध घेतले, पाऊण तास थांबली आणि नेम धरून पोटावर झोपली. मी शेजारी दुर्बीण घेऊन होतो. नेमबाज माणूस गोळी सुटताच, छिद्र पाहण्याआधी, ती कुठे गेली ते सांगतो. टेगवेन वीसही वेळा “दहा” म्हणाली. अठरा दहा होत्या. सातवी आणि सोळावी सरळ खाली, नऊवर. सातवीला ती म्हणाली, “ही माझी नव्हती.” सोळावीला काही म्हणाली नाही. सगळे संपल्यावर, रायफलीचा पट्टा हाताला तसाच असताना, तिने विचारले, “योर, तूच सांग. माझ्या होत्या का त्या?” मी एकेचाळीस वर्षे तिच्या शेजारी दुर्बीण धरून आहे. नव्हत्या, हे मला पक्के ठाऊक होते. पण ते म्हटले असते तर चांगली बॅच कुणी घालवली, हे पुढचे वाक्य माझ्यावर येत होते. मी गप्प राहिलो.

१०. त्यानंतरच्या आठवड्यात औषध घेऊनही हात ऐकेनासा झाला. ट्रिगर हलका आहे. बोट चुकून लागले तर गोळी सुटते. ज्याच्याविना रायफल झाडता येत नाही तो बोल्ट टेगवेनने स्वतः काढून माझ्या हाती दिला. “कुणाला तरी लागेल. ठेव तुझ्याकडे.” आता रविवारी तिच्या हातात भजनाचे पुस्तक हलते, म्हणून मी ते धरतो. ती गाते. मी अद्याप पुन्हा गात नाही. खरे बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही, असे मला चॅपेलमध्ये उभे राहून म्हणता येत नाही, आणि पश्चात्ताप आहे असेही म्हणवत नाही. रेव्हरंड बेनन यांना मी हे सांगितलेले नाही. ते नव्वदीला टेकले आहेत.

११. आणि दि. १२ ऑक्टोबरचे आपले पत्र आले. समज देऊन चौकशी बंद. सर्व ४,३२० काडतुसे क्लबाने अठ्ठावीस दिवसांत समक्ष येऊन घेऊन जावीत. टेगवेनने ते मोठ्याने वाचले. “बघ, एकूण एक परत. आता काय, कावळ्यांना फेकून मारू?” ती हसली. मीही हसलो. मग तिने पत्राची घडी घातली. ही बॅच क्लबाच्या उरलेल्या चार रायफलींना मानवत नाही, असे जप्तीपूर्वीच्या चाचणीत दिसले. क्लबाने ती घेणार नसल्याचा ठराव केला आहे. आणि जिन्याखालच्या कपाटात ती पुन्हा आली, तर मला त्या घरात झोप लागणार नाही.

तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन पुढील विनंत्या मान्य व्हाव्यात :

(अ) सदर काडतुसे परत करू नयेत. नियमानुसार नष्ट करावीत.

(आ) टेगवेनची रायफल, बोल्टसह, तिच्या संमतीने आपल्याकडे जमा करून घ्यावी. सार्जंट मेरेडिथ सांगतात की शस्त्रे एका शहरात वितळवली जातात आणि काडतुसे दुसरीकडे निकालात काढली जातात, दोन्ही विभाग वेगळे आहेत. हे मला समजते. तरीही दोन्हींचा निकाल एकाच दिवशी लागेल, असे पाहावे. चौदांतून ही एकच जोडी जमली होती. एक जाऊन दुसरी मागे राहू नये.

(इ) नष्ट केलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत शेऱ्याचा रकाना असेल, तर त्यात एवढे लिहावे : “ही काडतुसे टेगवेन प्रॉबर्ट, कूमहेलिग, यांच्यासाठी निवडलेली होती.” तो रकाना मोकळाच ठेवण्याचा नियम असेल, तर शेवटचे खोके रिकामे करणाऱ्या कर्मचाऱ्याने क्षणभर हात थांबवून तिचे नाव मनात आणावे. फलकावर नाव लागले असते असे माझे म्हणणे नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. तिने दोनशे गुण मागितले नव्हते. चुकायचेच असेल तर स्वतःच्या हाताने चुकू द्यावे, एवढेच तिचे मागणे होते.

आपला नम्र,

योरवर्थ प्रॉबर्ट

कूमहेलिग, दि. २६ ऑक्टोबर १९८३

सोबत :
१) यापूर्वीच्या चार अर्जांच्या प्रती.
२) टेगवेन प्रॉबर्ट यांचे संमतीपत्र. सही हललेली आहे, ती तिचीच आहे.
३) क्लबाचा ठराव.
४) दि. २४ सप्टेंबरच्या निशाणाचा कागद, मूळ प्रत, गुण १९८. खालच्या दोन्ही छिद्रांशेजारी पेन्सिलीने तिने “ही माझी नव्हती” असे लिहिले आहे, अक्षर हललेले आहे, कृपया सावकाश वाचावे. पाहून झाल्यावर हा कागद मात्र परत पाठवावा.