पाचांतली चार चुकीची

फार्गो, ४ ऑक्टोबर १९८६

चि. राग्ना हिस अनेक आशीर्वाद.

एकोणीस वर्षं माझ्या ऑफिसात टायपिंग करून नोकरी सोडलीस आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी वकिलीची प्रवेशपरीक्षा देणार म्हणतेस. दे बापडी! पण तुझी अभ्यासाची रीत ऐकून हसू आलं. पाच उत्तरांतली चार चुकीची म्हणून खोडायची आणि उरेल त्यावर खूण करायची? अगं, बाजारात बटाटे असे निवडतात. वकिलाला बरोबर उत्तर पाहताक्षणी दिसतं. असल्या उमेदवाराला माझ्याकडून शिफारसपत्र मिळणार नाही.

तुझ्याच भल्यासाठी कडू बोलणारा,
आयनार

डुलुथ, १३ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

काल फोनवर तुला प्रश्न वाचून दाखवला. गावात बेकरी उघडली, त्याच वर्षी शाळेतल्या जास्त मुलांचे दात किडलेले आढळले, म्हणून दोष बेकरीचा. हा तर्क कशाने कोसळतो? तू पटकन म्हणालास, बेकरीत साधा पावही मिळतो. मिळतो की! पण त्याने काय कोसळलं? ते खोड, उरलेली निरुपयोगीही खोड. मग राहतं एकच: शाळेत दात तपासायला डॉक्टर त्याच वर्षी पहिल्यांदा आला. तुझ्या त्या अशिलाचा, लुंडीनचा, कुंपणाचा खटला तू असाच घालवलास. तुझा शब्द न् शब्द खरा होता आणि एकही कामाचा नव्हता. टाइप मीच केलं होतं, म्हणून ठाऊक. शिफारसपत्र ठेव तुझ्याकडेच.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, का ते विचारू नकोस.
राग्ना

फार्गो, २ नोव्हेंबर

चि. राग्नास आशीर्वाद.

तुझ्या उद्धटपणाची कमाल आहे. केवळ तुला खोटं पाडायचं म्हणून तसली प्रश्नपत्रिका मागवली आणि दार लावून बसलो. पंचवीसपैकी चौदा बरोबर. पुढचे पंचवीस तुझ्या बटाटेवाल्या रीतीने सोडवले. एकवीस. दोनदा तपासले. तुझ्या वहिनीला कळता कामा नये.

शिफारसपत्र सोबत आहे. तुझ्या जागी आलेल्या पोरीला धड दोन ओळी जमत नाहीत, म्हणून मीच दोन बोटांनी टाइप केलं. स्तुती वाचून चढू नकोस.

लुंडीन अपिलात जातोय. माझे नऊ मुद्दे होते, त्यातले सहा खोडले. उरलेले तीन पाठवतोय. आणखी एखादा खोडावासा वाटला, तर गुरुवारच्या आत कळव.

तुझा, अजूनही थोरला,
आयनार