नव्वद दिवसांची कॉपी

आसेगाव,
बुधवार

प्रिय पिंकी,

जय भीम. पोस्टमन रिठदला तुझ्या दारात उभा राहील तेव्हा तू आधी घाबरशील, कारण आपल्या घरात पत्र आलं म्हणजे बँकेचं नाहीतर कोर्टाचं. तसं काही नाही. आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणते आणि शेजारी कोणाकडे लग्न असलं की सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसते. मीही बरा आहे. कॉलेजातली कारकुनी चालू आहे, पगार उशिरा होतो, त्यात नवीन काय. फोन काहून नाही केला, असं तू विचारशील. फोनवर मी ती गोष्ट काढली की तू म्हणतेस, जाऊ दे नं दादा, आणि मग मी खरंच जाऊ देतो. दोन वर्षं असंच चाललं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून कागद.

मला तुझ्या पोलीस भरतीच्या फॉर्मबद्दल लिहायचं आहे. नाव काढलं की तू उठून चुलीकडे जातेस, हे मला माहीत आहे. जा, पण परत येऊन वाच. ती तुझी वयात बसणारी शेवटची भरती होती. त्या एका फॉर्मसाठी तू चार महिने माहेरी येऊन राहिलीस, विनोदरावांनी घर सांभाळलं, आणि तो फॉर्म गेला नाही. कसा गेला नाही, ते गावात सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. तुलाही वाटतं.

मला ते सकाळच्या सरावाचे दिवस अजून आठवतात. तू मंगरूळपीरच्या रस्त्यावर पळायचीस आणि मी मोटरसायकलवर मागे मागे, हातात मोबाईल धरून. आठशे मीटरला तुला आधी साडेचार मिनिटं लागायची आणि मग रस्त्याच्या कडेला बसून तू मलाच शिव्या द्यायचीस, की दादा तू आरामात बसून राह्यला अन् वरून ओरडून राह्यला. शेजारची नानीबाई पहिले आठ दिवस म्हणाली, लेकुरवाळी बाई अशी पळते का कुठं. नवव्या दिवशी तीच लोटाभर पाणी घेऊन वळणावर उभी होती. मार्चमधे तू तीन मिनिटं दहा सेकंदांवर आलीस. मी तुला तीन वीस सांगितलं होतं, म्हणजे तू अजून जोर लावशील म्हणून. बघ, खोटं बोलायची सवय मला जुनीच आहे. तुझ्या अंगावर ती वर्दी मला दिसायला लागली होती पिंकी, अगदी टोपीसकट.

आता कॉम्प्युटरचं सांगतो. जानेवारीत विहाराच्या अभ्यासिकेत आठ नवे कॉम्प्युटर आले ते तू पाहिलेच होतेस. मालेगावहून टेम्पो आला, पोट्ट्यांनी खोकी उतरवली आणि थर्माकोलवरून भांडणं केली. समितीचे पंजाबराव खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक वायर कशाची आहे ते विचारत राहिले. बाबांनी भिंतीला लागून अर्थिंगचा खड्डा स्वतः खोदला. कोळसा आणि मीठ त्यांनी हातानं टाकलं, वरून चार घागरी पाणी. सत्तरीचा माणूस, पण कोणाला कुदळीला हात लावू दिला नाही. म्हणाले, माह्या पोराच्या मशीनी आहेत, करंट माह्या हातचा पाहिजे. माह्या पोराच्या. सगळ्या वस्तीनं वर्गणी काढून आणलेली मशीनं, पण बाबांच्या लेखी ती माझी होती, आणि खरं सांगतो, माझ्याही लेखी माझीच होती.

मशीनं कोरी आली होती. त्यात सिस्टीम टाकायची होती, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं चालतं ते. समितीनं खरी विकत घ्यायचं ठरवलं होतं. दुकानदारानं तोवर शिकण्यापुरती म्हणून एक कॉपी पेनड्राईव्हवर दिली आणि बजावलं, भाऊ, ही नव्वद दिवसांची आहे, नंतर खरी टाका, नाहीतर मशीन तासातासाला आपोआप बंद होते. मी हो म्हटलं. मग घाईघाईत तीच आठही मशीनांवर चढवली आणि आठही चालू झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी घात केला बघ. नंतर खरी टाकायची म्हणजे सगळं पुसून पुन्हा बसवायचं, चार दिवस अभ्यासिका बंद, आणि पंजाबराव विचारणार, म्हणजे पहिले चुकीचं टाकलं होतं काय. मला ते ऐकायचं नव्हतं. आज करू, उद्या करू करत राहिलो.

ती सिस्टीम पहिल्यापासूनच धड नव्हती. कधी पडदा निळा व्हायचा, कधी माऊस जागच्या जागी थिजायचा, प्रिंटर सकाळी ओळख द्यायचा आणि दुपारी नाही. पोट्टे विचारायचे, नरेंद्रभाऊ, मशीन रुसली का. मी म्हणायचो, नवीन आहे, रुळून राह्यली. ते हसायचे, मीही हसायचो. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात किती दिवस उरले ते लिहून यायचं. पाहुण्यांना दिसलं तर बरं दिसत नाही, म्हणून मी पंचशील ध्वजाचे छोटे स्टिकर आणले आणि आठही पडद्यांच्या त्या कोपऱ्यावर चिकटवले. तू तेव्हा म्हणालीस, किती छान केलंस दादा. मी स्टिकर अंगठ्यानं आणखी दाबून बसवला. पुढे दिवस मोजायचे मीही सोडून दिले.

मार्चच्या शेवटी तू सगळे कागद घेऊन मंगरूळपीरला नेट कॅफेत जाणार होतीस. चप्पल घातली होती तू. मी अडवलं. घरचे आठ कॉम्प्युटर असताना बाहेर कायले जातेस, असं म्हटलं. चौदा एप्रिलला अभ्यासिकेचं उद्घाटन आहे, विहारातून पहिला फॉर्म आपल्या पिंकीचाच गेला पाहिजे, सगळ्यांसमोर. शेवटची तारीख तीच होती, संध्याकाळी सहापर्यंत. तू म्हणालीस, इतकं शेवटाला नको दादा. मी म्हटलं, माह्यावर भरोसा नाही का. तू चप्पल काढून ठेवलीस. त्या एका क्षणाकडे मी मनात किती वेळा परत गेलो असेन, मोजता येत नाही.

चौदा तारखेच्या सकाळी मी कुलूप उघडून एक मशीन लावून पाहिलं तर पडद्यावरचं चित्र गेलेलं, सगळं काळं. नव्वद दिवस संपले, हे मला त्याच क्षणी कळलं. दुकानदाराचं बोलणंही आठवलं. मिरवणूक निघत होती, मंडप बांधून झाला होता. वाटलं, एक तास तर मिळतो, एका तासात एक फॉर्म सहज होतो, उद्या नीट करू. कोणी विचारलं तर सांगितलं की काळा रंग डोळ्याला बरा असतो. तुला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तू दुपारच्या गाडीनं मंगरूळपीरला गेली असतीस आणि फॉर्म भरून चहाला परत आली असतीस.

भाषणं लांबली. साडेचारला आठ ज्येष्ठांनी एकेक बटन दाबलं, पहिलं बाबांनी. त्याच मशीनवर तू बसलीस, पांढरी साडी, कपाळावर घाम. सगळी वस्ती मागे उभी. वेबसाईट रेंगाळत होती, मोबाईलवर कोड येत नव्हता, फोटो मोठा आहे म्हणून तीनदा परत आला. मी घड्याळाकडे बघत होतो आणि तुला वाटत होतं मी सहा वाजायची काळजी करतोय. मी साडेपाचची करत होतो. तू पैसे भरायच्या पानावर पोचलीस आणि पडदा विझला. मग दुसरा, तिसरा, ज्या क्रमानं चालू केले होते त्याच क्रमानं आठही.

मी पटकन म्हटलं, करंटचा लोचा आहे. तर बाबा पुढे आले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणाले, पंखा चालू आहे, लाईट चालू आहे, अर्थिंग मी केली, करंटले दोष देऊ नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले पिंकी. मला उत्तर पाहिजे होतं. मी तुझ्याकडे वळून विचारलं, पिंके, तू काय दाबलं?

एवढंच विचारलं मी. तू म्हणालीस, मी काहीच नाही दाबलं दादा. मी मान हलवली, जसं काही समजून घेतोय. मागून पंजाबराव बोलले, सगळ्या वायरी एकमेकीले जोडलेल्या आहेत, एकीवर चुकीचं दाबलं की साऱ्या जातात. मला माहीत होतं की असं होत नाही. मी गप्प राहिलो. मशीन परत लावलं तर दुरुस्ती चालू आहे, दुरुस्ती चालू आहे, असं दाखवत बसलं. तुझे स्कॅन केलेले सगळे कागद त्याच्यातच. ते उघडलं तेव्हा सहा वाजून गेले होते आणि फॉर्म बंद झाला होता. तू पायरीवर बसून आईला सांगत होतीस, दाबलं असंल आई, माह्याच हातून काहीतरी दाबलं असंल. मी तिथेच होतो, चार पावलांवर.

त्या आठवड्यात मी गुपचूप खरी सिस्टीम आणून टाकली. मशीनं अशी चालायला लागली की दोन वर्षांत तक्रार नाही. लोक म्हणाले, पोरीनं बिघडवलं होतं, नरेंद्रनं सुधारलं. समितीनं माझा सत्कार केला, शाल दिली. ती शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही, पण नको असंही म्हटलं नाही.

आणि बाबा. मागच्या दिवाळीत दवाखान्यात, शेवटच्या दोन दिवसांत, त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, पिंकीले कधी टोचून बोलू नको, चुकलं तिच्या हातून, पण पोरगी मनाची साफ आहे, मी तिले कधीच माफ केलं. हे त्यांनी तुलाही सांगितलं असेल, म्हणून तू त्यांचे पाय धरून तितकी रडलीस. पिंकी, त्यांनी तुला माफ केलं आणि मी त्यांच्या उशाशी बसून हो बाबा म्हटलं. तेव्हा बोललो असतो तर माणूस खरं ऐकून गेला असता. मला भीती वाटली की ते मरताना माझा तिरस्कार करतील. आता त्यांना सांगायला कोणी नाही. तुला सांगून ते भरून निघत नाही, हे कळतं मला.

तरी मी अजून गप्पच राहिलो असतो, हेही खरं लिहितो. पण सुट्टीत रूपा आठ दिवस मामाकडे राहून गेली. परवा संध्याकाळी मी तिला अभ्यासिकेत नेलं. तिच्या वयाची पोरं चित्रं काढत होती, एकमेकांच्या हातातून माऊस ओढत होती, आणि तुझी लेक दाराशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. मी म्हटलं, ये, तुझं नाव लिहून पाहा. ती म्हणाली, नाही मामा, आईनं सांगितलं, हात नको लावू, आपल्या हातानं मशीन बंद पडते. आपल्या हातानं, असं म्हणाली ती, आठ वर्षांची पोरगी. मी तिचा हात धरून तिला तशीच घरी घेऊन आलो. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात सगळ्यांसमोर मी हे सगळं बोलणार आहे, पंजाबरावांच्या आणि आईच्या देखत. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, कारण तू लगेच देशील आणि मी लगेच घेईन. तुझी नोकरी मी परत आणू शकत नाही, वय निघून गेलं. एकच कर. रूपाला जवळ बसव आणि सांग की त्या दिवशी आईच्या हातून काहीही झालं नव्हतं, तुझा मामा खोटं बोलला होता. तिनं कोणता मामा असं विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझाच,
नरेंद्र दादा