स्वप्नं ऐकायचा परवाना

लुमतिएव,
४ ऑक्टोबर

चि. दाफिशाला मेईएदचे अ. आ.

तर सगळ्यात पहिली आली ती कोंग बेल्सी, धापा टाकत. तिच्यापुढे तिचं सुटलेलं डुक्कर आणि डुकराच्या मागोमाग सरकार! म्हणजे शिलाँगच्या कचेरीतली दोन माणसं. एक बाई, कोंग मेबारी, आपल्यातलीच. केसांना तेल नाही, पण स्वभावाने बरी. दुसरे सिलचरकडचे बाबू, पुरकायस्थ नावाचे, पोट पुढे नि छत्री मागे. डुक्कर गेलं ते बाबूंच्या पायांमधून, आणि बाबू बसले ते थेट माझ्या पायरीवर. मी म्हटलं, बसलाच आहात तर चहा घ्या.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनमध्ये मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझी आई बोलते. म्हणून लिहिते. माझ्या तिसरीपर्यंतच्या शाळेत बसेल एवढंच. आजीच्या चुका तू मनात दुरुस्त करून घे, वकीलबाई.

ही सरकारी माणसं कशाला आली होती म्हणशील, तर तो नवा कायदा. पर्यटकांसाठी मोठाली जुगारघरं काढायची म्हणून केलाय ना, ज्याच्यावर आमचे पाळक तीन रविवार घसा बसेपर्यंत बोलतायत, तोच. आता त्याचे नियम लिहायचेत आणि त्या नियमांत आपला तीरही बसवायचाय. म्हणून तीरच्या खेळात कोण काय करतं याची यादी करत गावोगाव हिंडतायत. बाबूंना तीर माहीतच नव्हता गं! या डोंगरात बदली होऊन दोन महिने झाले आणि अजून कुणी सांगितलं नाही? मग बेल्सीने समजावलं. दुपारी मैदानात तिरंदाज गवताच्या भाऱ्यावर बाण सोडतात, रुतलेले बाण मोजतात, मोजणीचे शेवटचे दोन आकडे ज्याने आधी लावले असतील तो जिंकला. बाबूंनी विचारलं, मग माणसं आकडा निवडतात कसा? बेल्सीने, देव तिचं भलं करो, माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, रात्री स्वप्न पडतं, सकाळी चूळ भरायच्या आत आम्ही ते कोंग थ्रिनाला सांगतो, ती आकडा देते.

बाबूंच्या फॉर्मात तिरंदाज, मोजणारा, तिकीट विकणारा असे रकाने. मी कशातच बसेना. शेवटी मला 'इतर'मध्ये घातलं. मग म्हणाले, साप दिसला तर किती? मी विचारलं, कुणाला दिसला? म्हणाले, समजा मला. मी म्हटलं, तुम्हाला दिसला तर ओरडत उठाल, आकडा कुठला विचारताय! कोंग मेबारीने हसताना चहा सांडला. मग गाय किती? मी म्हटलं, विकलेली गाय की हरवलेली, आणि बघून बरं वाटलं की रडू आलं? बाबूंनी फॉर्मात लिहिलं, गाय : सांगता येत नाही.

इथवर मजा होती. मग कोंग मेबारीने मसुदा वाचून दाखवला. आकडा सुचवणाऱ्याला परवाना लागेल. परवान्यासाठी कुठल्या स्वप्नाला कुठला आकडा याचा पक्का तक्ता लिहून दारावर लावायचा. आणि तिरंदाजांनी आकडा सुचवणाऱ्याच्या दारात पाऊलही ठेवायचं नाही. मसुदाच आहे, पण गावच्या क्लबाचा परवाना पुढच्या महिन्यात नवा करायचाय, म्हणून गावप्रमुख म्हणाले, आपण सोमवारपासूनच पाळू, कुणाला बोट दाखवायला जागा नको.

तक्ता मी कुठून आणू? आणि तक्ता लावला की माणसं तक्ता बघून जातील, माझ्याशी कोण बोलेल? पण ते जाऊ दे. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. माझा भाऊ, बाह रोनसिंग, तिरंदाज आहे.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, लिहिल्याने हलकं वाटतं. आईला मी चर्चच्या दफनभूमीत पुरलं. माझा भाऊ जुन्या धर्माचा, त्याला आईला अग्नी द्यायचा होता आणि अस्थी कुळाच्या दगडी कोठीत ठेवायच्या होत्या. सगळ्यात धाकटी मुलगी मी, म्हणून आपल्या रीतीने घर माझं, शब्द माझा चालला. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्याने घरात पाऊल ठेवलं नाही, माझ्या हातची क्वाईची पानसुपारी घेतली नाही. पण रोज सकाळी सहाला पायरीशी येतो, उभ्याउभ्या स्वप्न सांगतो, मी आकडा देते, तो जातो. आम्हा बहीणभावांत तेवढंच बोलणं उरलंय. सोमवारपासून तेही बंद होणार.

काय करू ते लिही. माया पातळ करू नकोस, गुवाहाटीचं पाणी पातळ असतं म्हणतात.

तुझी मेईएद


गुवाहाटी,
७ ऑक्टोबर

ती. मेईएदला दाफिशाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुमोवाल्याने वाटेत वाचलेलं दिसतंय, कारण देताना तो डुकराची चौकशी करत होता. मी वसतिगृहात मोठ्याने वाचलं. आता तिघी मैत्रिणी मला स्वप्नं सांगून तुला विचार म्हणतायत. एकीच्या स्वप्नात सारखी परीक्षा येते. तिला सांगितलं, त्याला आकडा लागत नाही, अभ्यास लागतो.

तुझा प्रश्न मी वर्गात विचारला, नाव न सांगता. आमच्याकडे जुगाराच्या कायद्यात सगळं भांडण एवढ्यावरच आहे की खेळात कसब आहे की नशीब. सर म्हणाले, बाण मारणं कसब, आकडा लावणं नशीब. मी विचारलं, आणि स्वप्नाचा अर्थ सांगणं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, पुढच्या तासाला सांगतो. पुढच्या तासाला ते आलेच नाहीत.

मग मी इथल्या ग्रंथालयात मसुदा मिळवून दोनदा वाचला. मेईएद, त्यात आकडा सुचवणं एवढंच आहे. स्वप्न ऐकणं कुठेच नाही. ऐकायला परवाना लागत नाही, तक्ताही लागत नाही. तू सोमवारपासून आकडा देऊ नकोस, ऐक मात्र खुशाल. आकडाच दिला नाहीस तर तू आकडा सुचवणारी कशी? मग मामाआजोबा कुणाच्या दारात येतील? आपल्या बहिणीच्या. त्याला कुठला कायदा अडवतो?

एक मात्र मला कळत नाही. सहा वर्षं रोज आकडा घेतात, आणि मामाआजोबांना कधी लागल्याचं मी ऐकलं नाही. एकदाही नाही? चुकूनसुद्धा? बेल्सीमावशीला विचारशील का? तिकिटं तीच विकते.

थंडी पडायला लागली असेल. शाल उशाला नको, अंगावर घे. आशीर्वाद मोजून पाठवत जाऊ नकोस, मला परीक्षेला जास्त लागतील.

तुझी दाफिशा


लुमतिएव,
१३ ऑक्टोबर

चि. दाफिशाला अ. आ., आणि यावेळी मूठभर जास्त.

बेल्सीला विचारलं. आधी तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली, रोनसिंग? आकडा? अगं, तिरंदाजाने स्वतःच्या बाणावर लावायचं नसतं हे तो माझ्या लग्नाआधीपासून पोरांना शिकवतोय, सरकारला आता सुचलं. सहा वर्षांत त्याने माझ्याकडून एक तिकीट घेतलेलं नाही, क्लबाबाहेरच्या कुणाकडून घेतलं असतं तर अख्ख्या गावाला कळलं असतं. मी बटाटे सोलत होते ते तसेच राहिले.

सहा वर्षं गं! रोज आकडा घेऊन जायचा आणि वाटेत कुठे टाकून द्यायचा? मी त्याला काय काय दिलं असेल. कधी झोपेत, कधी रागात. एकदा तर नुसतं कोंबडीने अंडं कुठे घातलंय ते शोधत होते आणि तोंडाला येईल ते सांगितलं. तो मान हलवून गेला.

मग मला इतका आनंद झाला की सोमवारची वाट बघवेना. म्हटलं, आकड्यासाठी येत नव्हताच, तर आता बिनआकड्याचा येईलच. रविवारी चर्चबाहेर जाहीर केलं, उद्यापासून नुसतं ऐकेन, आकडा नाही. तिरंदाजांच्या क्लबातही निरोप धाडला.

सोमवारी दोघं आली. त्यातल्या एकीला वाट विचारायची होती. मंगळवारी कोंग द्रिमसी आली, बकरीचं लांबलचक स्वप्न सांगितलं आणि हात पुढे केला. मी म्हटलं, छान स्वप्न आहे. ती म्हणाली, छान म्हणजे किती? मी म्हटलं, नुसतं छान. झटक्यात उठली, म्हणाली, मग झोपलेच कशाला! काल बेल्सी आली, पण ती डुक्कर शोधायला.

आणि बाह रोनसिंग आला नाही. सोमवार नाही, मंगळवार नाही, बुधवार नाही, आजही नाही. रोज सहाला मी क्वाईची थाळी मांडते, पानाला चुना लावते, सुकला की मीच खाते. खिडकीतून तो वरच्या वाटेने मैदानाकडे जाताना दिसतो. मान खाली. आकडा नको होता, मग येत का नाही? का आकड्याचं निमित्त होतं म्हणूनच येता येत होतं? तुम्ही एवढे कायदे शिकता, त्यात हे कुठे लिहिलंय का बघ बाई.

आज हात जड आहे. माया तेवढीच आहे.

तुझी मेईएद


गुवाहाटी,
१५ ऑक्टोबर

ती. मेईएदला दाफिशाचा सा. न. वि. वि., तेही उड्या मारत.

कायदा मागे घेतला! कालच्या, शुक्रवारच्या पेपरात पहिल्या पानावर आहे. चर्चवाले, कॉलेजातली मुलं, गावोगावचे प्रमुख सगळे विरोधात गेले म्हणून जुगारघरं रद्द, आणि त्यांच्या मागे लिहिलेले नियमही रद्द. तीरचं जुनं चाललं होतं तसंच चालेल. सरांनी फळ्यावर लिहिलेलं अर्धं पुसलं आणि आम्हाला म्हणाले, वहीतलंही खोडा. महिनाभर पाठ केलं होतं गं.

तेव्हा मेईएद, आता खुशाल आकडे दे. पत्र मिळताच मामाआजोबांना निरोप पाठव की परवाना नको, तक्ता नको, सगळं पहिल्यासारखं. त्यांना कदाचित कळलंही नसेल. निमित्त परत मिळालं तर ते येतील. मला तर वाटतं तू त्यांना एक चांगला मोठा आकडा देऊन टाक, शंभराच्या वरचा, म्हणजे एका खेपेत न्यायला मावणार नाही, दोनदा यावं लागेल.

लगेच लिही. मला झोप नाही, आणि झोप नाही म्हणजे तुला सांगायला स्वप्नही नाही.

तुझी दाफिशा


लुमतिएव,
१८ ऑक्टोबर

चि. दाफिशाला अ. आ., पोतंभर, परीक्षेला पुरून उरतील एवढे.

तुझं पत्र यायच्या आधीच तो आला. शुक्रवारी. सहाला नाही, आठ वाजून गेल्यावर, सकाळची सुमो येऊन गेल्यानंतर. मी थाळी आत न्यायला उठले होते. पायरी दवाने ओली होती. त्याने काखेतला पेपर काढला, पायरीवर पसरला आणि त्याच्यावर बसला. बसला, दाफिशा! सहा वर्षं उभा राहणारा माणूस.

मग म्हणाला, काल आई दिसली. कोठीच्या दगडाशी नाही, दफनभूमीतही नाही, आपल्या चुलीशी. पाठमोरी होती. वळली आणि विचारलं, दोघं जेवलात का रे.

मी विचारलं, चार दिवस का आला नाहीस? तर म्हणतो, स्वप्नच पडलं नाही. मी म्हटलं, सहा वर्षं एक दिवस चुकलं नाही, आणि आत्ताच पडेनासं झालं? तेव्हा तो हसला. पुढचा दात पडलाय त्याचा, मला माहीतच नव्हतं. म्हणाला, वेडे, रोज कुणाला स्वप्न पडतं? निम्मी मी वाटेत रचायचो. ते वाघाचं, ते पुलाचं, सगळं खोटं. आकडा मागायला खोटं चालत होतं. पण तू म्हणालीस नुसतं ऐकेन, तर म्हटलं आता खरं न्यायला हवं. चार रात्री वाट बघितली.

मी थाळी पुढे केली. त्याने पान उचललं, सुपारी घातली आणि गालात धरली. चुना जास्त झालाय म्हणाला. आईच्या हाताची सवय तुझ्या हातात आलीय म्हणाला. आकडा मागितला नाही.

तो गेल्यावर पेपर पायरीवरच राहिला, मध्ये त्याच्या बसण्याची गोल ओल. मी चूल पेटवायला ठेवून दिला. काल तुझं पत्र आलं तेव्हा बेल्सीला म्हटलं, शुक्रवारचा पेपर आपल्याकडेच आहे, बघ बरं. बेल्सीने ओल पडली होती तिथेच बोट ठेवून वाचून दाखवलं, कायदा रद्द. रोनसिंग सुमो थांबते तिथे चहा पिताना पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणजे तो वाचून आला होता गं. आकडा मागता आला असता हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

मी त्याला ते बोलून दाखवलं नाही, तूही बोलू नकोस. शनिवारी आला, रविवारी आला, काल आला, आजही आला. चारही दिवस स्वप्न नव्हतं. नुसताच बसला. कोंग द्रिमसीला मी बकरीचा आकडा देऊन टाकला, लागला नाही, आता ती माझ्याशी बोलत नाही. चालायचंच.

उंबऱ्याच्या आत मात्र अजून आलेला नाही. मी म्हणणारही नाही.

शिलाँगहून निरोप आहे. कायदा गेला तरी फॉर्म परत गोळा करून 'इतर'च्या रकान्यावर माझ्या सहीने काट मारायची आहे, म्हणून कोंग मेबारी आणि पुरकायस्थबाबू पुन्हा यायचेत. बाबूंनी निरोपाखाली वेगळं लिहून पाठवलंय की त्यांना साप दिसला, ओरडले नाहीत, आणि त्याबद्दल बोलायचंय. मी तुंगरिम्बाईसाठी आतापासूनच सोयाबीन आंबवायला घातलंय. बाह रोनसिंगला सांगितलं तर म्हणाला, मीही येतो, सापाचं ऐकायला. पायरीवर चौघं मावत नाहीत आणि बाकडं आत आहे, जड आहे, मला एकटीला उचलत नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे.

अशीच जवळ राहा, लांब असलीस तरी.

तुझी मेईएद

ता. क. पाहुणे गुरुवारी येतो म्हणालेत, वीस तारखेला.