नैवेद्याआधीचा वडा

आई, आज तांदळाचे वडे तळले. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण कढईपुढे उभी राहिले की अजून तुझाच धाक वाटतो. लहानपणी खरवईच्या घरात, देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी मी एक वडा उचलला होता, तेव्हा तू हातावर उलथनं हाणलंस. आधी देवी, मग माणसं, असा तुझा कायदा. पुढे लग्न होऊन अंबरनाथला आले, कंपनीत पॅकिंगला लागले, तिथल्या एका बाईबरोबर प्रार्थनेला जाऊ लागले आणि आम्ही नवरा-बायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी फूस लावली नव्हती गं, मला तिथे शांत वाटायचं, एवढंच. त्या वर्षी जत्रेला आले ती घाबरतच, कारण देवीला दाखवलेलं मी आता खाणार नव्हते. तू काही विचारत नाहीस. नैवेद्याच्या आधीच चार वडे काढून माझ्या ताटात टाकतेस. दादा भडकतो, "देवीच्या आधी हिला?" तू म्हणतेस, "देवी माझी हाय, तिची समजूत मी काढीन. पोर उपाशी गेली तं माझी समजूत कोण काढंल?"

आता तुझी नात कॉलेजात जाते. परवा म्हणाली, "मम्मी, रविवारी मी प्रार्थनेला नाही येणार. मला आजीच्या देवीला जायचंय." माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात राहून हे चालायचं नाही, म्हटलं. ती म्हणाली, "तू तुझ्या मनाने गेलीस ना? मग मला का अडवतेस?" माझ्या तोंडून दादाच बोलत होता, कळत होतं, पण पोर हातची जाईल ही भीती काही सुटेना. आज सकाळी बघते तर ही एकटीच वड्यांचं पीठ मळतेय, तेही पार सैल. तिला बाजूला सारलं, वडे तळले, डबा भरून दिला आणि रिक्षापर्यंत सोडून आले.

संध्याकाळी ती आली, डब्यात एक वडा घेऊन. "हा तुझा. मामाने नैवेद्याआधीच काढून ठेवला. म्हणाला, आईची पद्धत हाय."

ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ला. डोळे भरून आले, आणि वडा अगदी अळणी. सकाळी मीठ बघायला एक मोडून तोंडापर्यंत नेला होता, पण जिला मी मानत नाही त्या देवीच्या आधी तो मला खाववला नाही. हे प्रार्थनेतल्या कुणाला सांगता यायचं नाही, आई. पोरीलाही मी मीठ विसरले असंच सांगितलंय.