बारावा मोजायचा नाही

सोमवार, ३ तारीख

नाही दादा, आता तू बोलूच नकोस. काल फोनवर अर्धा तास तूच बोललास. मी "बरं बरं" केलं की तुला वाटतं मी ऐकलं. मी ऐकलेलं नाही. मी आलेय. आणि हे रोज लिहून ठेवणारेय. "आठ दिवसांत रडत घरी येशील" म्हणालास ना? नवव्या दिवशी ही वही तुझ्यासमोर आपटणार आणि ते वाक्य तुला गिळायला लावणार.

तर, तळ हवाईदलाचा, म्हणजे सगळं करडं. भिंती करड्या, चादरी करड्या, चहासुद्धा करडाच म्हणायचा. माझी खोली आठ बाय दहा. एक खिडकी, आणि खिडकीभर विमान. दुसरं काही दिसतच नाही. तोफा नि सैनिक वाहायला बनवलेलं, चार पंख्यांचं, ढेरपोटं. सगळे त्याला म्हैस म्हणतात. तिच्या पोटातली बाकं उपटून टाकी बसवलीय आणि टाकीत लाल पातळ चिखलासारखं काहीतरी. ते झाडाझुडपांवर चिकटून बसतं आणि आग तिथे येऊन अडते. बघ, अभ्यास करून आलेय.

माणसं भारी आहेत. विमान चालवणाऱ्या कॅप्टनबाई आईच्या वयाच्या, कायम तोंडात गोळी चघळत असतात. टाकीचं दार उघडणाऱ्या सार्जंटला सगळे नळवाला म्हणतात. मला बघून त्यानं विचारलं की वनखातं आता थेट शाळेतूनच भरती करतं का. मी म्हटलं, हो, आणि हवाईदल नळदुरुस्तीवाले घेतं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. जमणार आमचं.

तू तिकडे डोंगरावर, मी इकडे. मध्ये वीस किलोमीटर. रेडिओवर भेटूच, मुकादमसाहेब.


मंगळवार, ४

आज काम समजावून घेतलं. तुला सगळं माहितीये, पण ही वही आईपण वाचणारेय, म्हणून लिहिते.

तुमची टोळी अकरा जणांची. तुम्ही आगीच्या वाटेत जंगल कापून पट्टा मोकळा करता, आम्ही तो वरून लाल करतो. पण त्याआधी तुम्ही सगळ्यांनी पट्ट्यातून निघून जुन्या दगडखाणीत पोचायचं. खाणीत पाय टेकला की प्रत्येकानं आपल्या रेडिओवर आपला आकडा म्हणायचा. आपल्याच तोंडानं, दुसऱ्याचा नाही. एक म्हणजे तू. मग दोन, तीन, असं अकरापर्यंत. मी कॅप्टनबाईंच्या मागच्या खुर्चीत, मांडीवर यादी, हातात पेन्सिल. अकरा खुणा झाल्या की मी म्हणायचं, "पट्टा मोकळा." मगच नळवाला खटका ओढतो. मी म्हटलं नाही तर म्हैस भरल्या पोटानं परत.

एवढं कडक कशाला, म्हटलं. कॅप्टनबाई मला धावपट्टीच्या टोकाला घेऊन गेल्या. तिथे सरावाला त्या लाल चिखलाचा एक लोट टाकला होता. माझ्या मांडीएवढ्या फांद्या काड्यांसारख्या मोडून पडलेल्या. दहा टन वजन, तेही अगदी कमी उंचीवरून उडत येऊन टाकलेलं. खाली माणूस असला तर काय, हे मी विचारलं नाही.

माझ्या आधी या खुर्चीत बसायचा तो माणूस का गेला, ते विचारलं. बदली, म्हणे.


बुधवार, ५

दादा, उडाले!

खुर्चीचे हात मी सोडलेच नाहीत, ते जाऊ दे. पण धुराच्या वर गेल्यावर ती आगीची कड दिसली ना, लांबलचक, नारिंगी, सरपटणारी. आणि तिच्यापुढे तुमचा पट्टा, करवतीनं काढल्यासारखा सरळ. मला एकदम भरून आलं. तो तू कापलायस.

मग आकडे. तुझा "एक" ऐकून हसूच आलं, शाळेत हजेरी देतोस तसा. दोन. तीन. मी खुणा करत गेले. दहा. अकरा.

बारा.

हळू आवाज होता, थोडा घोगरा, घाई नसलेला. यादीत बारा नाहीच. मी पेन्सिल हातात धरून तशीच बसले. कॅप्टनबाईंनी मान न वळवता सांगितलं की मोकळा म्हण. नळवाल्यानं मागून अंगठा दाखवला. मी म्हटलं. म्हैस हलकी होऊन एकदम वर उसळली आणि खाली सगळा पट्टा लाल झाला.

उतरल्यावर विचारलं. नळवाला म्हणाला, दरीत आवाज घुमतो, तेवढंच. घुमणारा आवाज अकरा म्हणेल की, बारा कसा म्हणेल, असं मी म्हटलं. त्यानं हातमोजे काढले, परत घातले. म्हणाला, इथं एवढंच शिकायचं पोरी, बारावा मोजायचा नाही.


शुक्रवार, ७

दोन दिवसांत सात फेऱ्या. सातही वेळा बारा.

सगळ्यांना ऐकू येतो. कुणी बोलत नाही. अकरा झाले की कॅप्टनबाई तोंडातली गोळी कडकन फोडतात, म्हणजे पुढचा आवाज ऐकू येऊ नये.

दुपारी जुन्या याद्यांचा गठ्ठा काढला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुमची टोळी बारा जणांची होती. मग एका दिवसापासून शेवटचं नाव खोडलेलं. ती जागा भरलीच नाही कुणी.

नळवाल्याला गाठलं. तो आधी टाळत होता, मग बोलला. त्या दिवशी खटका त्यानंच ओढला होता. आकडे पूर्ण आले होते, एक ते बारा, खुणा आहेत यादीवर. आणि तरी लोट पडल्यावर पट्ट्यात माणूस सापडला. बारा नंबर.

मग बारा म्हणालं कोण, असं मी विचारलं. तो हात धुवायला गेला. स्वच्छ होते त्याचे हात.


शनिवार, ८

तुला फोन केला. काय झालं ते तुलाच ठाऊक, पण लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की मला तसं वाटलं असेल.

आधी तू ओरडलास. मग सांगितलंस. रेडिओच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या. विमानात एका फेरीपुरतंच तेल होतं. बारा नंबर मागे राहिला होता, पण तुला दिसत होता, येत होता, दहा पावलांवर. पोचलाच, असं तुला वाटलं. म्हणून त्याचा आकडा तू म्हटलास. तुझ्या तोंडानं. आणि तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

तू म्हणालास, म्हणूनच त्या खुर्चीत तू बसू नयेस असं वाटत होतं. आणि म्हणालास, त्याला मोजू नकोस गं, तो आपला फक्त हजेरी देतो. कुणाचं काही घेत नाही.

तू हे दोन वर्षं एकट्यानं पोटात ठेवलंस. आईला नाही, मला नाही.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे. उद्या बोलू.


रविवार, ९

आज बारा आलाच नाही.

सात झाल्यावर आठ आला तो त्या आवाजात. घोगरा, हळू. मग नऊ, दहा, अकरा. आणि शांत. अकरा खुणा झाल्या. मी यादी दोनदा वरून खाली वाचली, यादी पूर्ण होती. दादा, यादी पूर्ण होती. मी मोकळा म्हटलं.

आठ नंबर पट्ट्याच्या कडेला सापडला. खांदा मोडलाय, वाचलाय. ओंडक्याला अडखळून पडला होता. रेडिओ त्याच्याच अंगाखाली चिरडलेला. तो म्हणतो, मी आकडा म्हणालोच नाही.

चार हात आत असता तर.

तो नुसता हजेरी देत नाहीये, दादा. तू त्याच्यासाठी केलंस ते तो आता दुसऱ्यांसाठी करतोय.


सोमवार, १०

सकाळी तुझा निरोप आला की आजपासून तू सगळ्यात शेवटी निघणार. प्रत्येकाला डोळ्यांनी खाणीकडे जाताना बघणार, मगच स्वतः. आठच्या जागी शेजारच्या टोळीतला एकजण घेतलायस. मला जरा हायसं वाटलं.

मग फेरी. आकडे आले. अकरा. फक्त अकरा. मी परत मागितले. परत अकरा. घोगरा कुणीच नाही. सगळे आवाज माणसांचे, प्रत्येकाचा वेगळा, दमलेला, खोकणारा. बारा नाही.

म्हणजे तो गेला? की तो दुसऱ्यांचे आवाज काढायला शिकला?

मी म्हटलं, पट्टा मोकळा नाही.

कॅप्टनबाईंनी तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं. भरल्या पोटाची म्हैस उतरवताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत आग पट्टा ओलांडून आली. तुम्हाला रात्रभर खपून खाली दुसरा कापावा लागणार. त्याच्याही खाली वस्ती आहे, दवाखाना आहे. आणि तुम्ही अकराही जण सुखरूप होतात. अकराही. मी उगाच अडवलं.

मला खुर्चीवरून काढलंय. उद्या यादी नळवाला बघणार. कॅप्टनबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, झोप नीट घे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.


मंगळवार, ११ — सकाळी १०.४०

रेडिओच्या खोलीत आहे. होते. आता जीपमध्ये आहे, तळाचं फाटक उघडायची वाट बघत. नीट लिहिते. नीट लिहायला पाहिजे.

दहा वाजता फोन वाजला. तू. धाप लागलेली. सगळ्यांना पुढे पाठवलंस, शेवटी निघालास, कापलेलं झाड घरंगळलं, पाय त्याखाली. रेडिओ उडून कुठे पडला माहीत नाही. त्यांना सांग, म्हणालास. थांबव म्हणालास.

आणि समोरच्या स्पीकरमधून तू म्हणालास, "एक."

तूच. शाळेतल्या हजेरीसारखा.

एका कानात तू खोकत होतास आणि दुसऱ्या कानात—

फोन तुटला. नंतर लागलाच नाही. कुणाचाच लागत नाही.

मी रेडिओवर ओरडले. कॅप्टनबाईंनी शांतपणे सांगितलं की एक नंबरनं आत्ताच स्वतः हजेरी दिलीय, चॅनल मोकळा ठेव. ऑपरेटरनं माझ्या हातातून माइक काढून घेतला. हळूच, आजारी माणसाच्या हातातला पेला काढतात ना, तसा.

कालचं माझं ते "नाही". म्हणून आज कुणी ऐकत नाही.

धुरानं पट्टा झाकला म्हणून ती फेरी हुकली. वारा फिरेपर्यंत विमान वर घिरट्या घालतंय. तासभर, म्हणाले. जीपच्या किल्ल्या खुंटीवर होत्या.


१०.५५

रस्ता अडलाय. खालच्या वस्तीतले लोक ट्रक भरभरून उतरतायत, एका वेळी एकच गाडी जाते. म्हणून लिहितेय, नाहीतर हाताचं काय करू? हॉर्न देऊन झालं. एका ट्रकवाल्यानं शिव्या घातल्या. एका बाईनं काच ठोकून सांगितलं की वर जाऊ नकोस, वर कुणी नाही. वर माझा भाऊ आहे, म्हटलं. तिनं काचेवरचा हात काढला.

जीपचा रेडिओ नुसता ऐकवतो. बटण दाबलं तरी माझं जात नाही.


११.२०

वारा फिरला. कॅप्टनबाईंचा आवाज आला, दहा मिनिटं. आकडे परत घेणार.

पट्टा दिसतोय. वर, वळणाच्या पलीकडे. गाडी इथून पुढे जात नाही, झाडं आडवी पडलीत. दादा, तू दिसत नाहीस. धूर—

नारिंगी जॅकेट आहे सीटमागे. ते घालून मधोमध उभी राहीन. नळवाला खटक्याआधी खाली बघतो, नेहमी, मी पाहिलंय. त्याला माणूस दिसेल. दिसायलाच पाहिजे. तो एकदा न बघता—

दोन वर्षं तू गप्प राहिलास, त्याचं भांडण आहे अजून. संपलेलं नाही. आधी तुझा पाय काढते, मग भांडते.

इंजिन ऐकू येतंय.


११.२६

आकडे सुरू झाले. एक. तू नाहीस तो. दोन. तीन.

वही सीटवर ठेवते. कुणाला मिळाली तर

दहा. अकरा.

थांब—

बारा म्हणालं. बाईचा आवाज. माझा. दादा, मी तोंड उघडलेलं नाही, मी अजून गाडीत आहे, मी पट्ट्यात पाय पण

नाही, काही सांगू नकोस. निघाले मी. तू फक्त ओरडत राहा, म्हणजे मला कळेल कुठे