एकशे ऐंशी दिवस आणि दादा

३ जानेवारी, सकाळी ८
संकल्प एकच. भावना आणि आकडे एका पानावर आणायचे नाहीत.
आमची बँक देशांना कर्ज देते. धरणं, रस्ते, वीज. त्या कर्जांचा हिशोब कसा धरायचा, बुडण्याच्या भीतीपोटी किती बाजूला काढायचं, राखीव निधीला हात कधी लावायचा (कधीच नाही), याचं नवं धोरण यंदा मी लिहिणार आहे. विभागात सात माणसं. नेमकं लिहिता येणारी एक. विभागप्रमुख मॅडम हे तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण काम मला दिलं. पुरे.
स्वतःचा ताळेबंदही केला. दादाकडून येणं, लॉन्ड्रीसाठी, सहा टक्क्यांनी: बारा लाख. थकीत दिवस: ४१२. बुडण्याची शक्यता: शून्य. हमी: आई, तोंडी.
माझा राखीव निधी: बरोब्बर चार लाख.
३१ मार्चला फ्लॅटचे बारा लाख भरायचे. टोकन दोन लाख देऊन झालंय, तारीख चुकली तर जप्त. दादा मार्चमध्ये बारा देणार. दोन्ही आकडे जुळतात. याला नियोजन म्हणतात.

११ जानेवारी
कर्ज विभागातल्या गृहस्थांबरोबर बैठक. मी त्यांना मनात ‘मुदतवाढ’ म्हणते, कारण त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नसतो.
माझा मुद्दा सरळ होता. हप्ता १८० दिवस थकला की त्या देशाचं व्याज उत्पन्नात धरणं बंद. पैसे हातात पडले तर धरायचं. कागदावर फुगलेलं मागचं व्याजही वजा करायचं.
मुदतवाढ म्हणाले, ताई, तिथे पूर आला होता हो. मी सांगितलं, पुराला रकाना नाही. मग म्हणाले, पण त्यांची नियत चांगली आहे. नियत! एकवीस वर्षं नोकरी करून माणूस ताळेबंदात नियत शोधतो.
संध्याकाळी दादाचा फोन. पैसे नक्की, जरा हात अडकलेत म्हणाला. आवाज प्रामाणिक वाटला. नोंद केली: नियत चांगली.

२० जानेवारी
मॅडमनी जाता जाता आणखी एक काम दिलं. कर्मचाऱ्यांच्या घरकर्ज निधीचे नियम तपासायचे. नियम असा की अर्जदाराची हातातली शिल्लक आणि वसूल होण्याजोगं येणं मिळून किमान चार लाख हवेत. पुढे सवलत होती, ‘नातेवाइकांकडील येणे सहानुभूतीने पाहावे.’ सहानुभूतीने! खोडलं. त्या जागी लिहिलं: ‘१८० दिवसांहून अधिक थकलेले येणे शून्य धरावे, मग ते कोणाकडूनही असो.’
या वर्षातलं माझं सर्वांत स्वच्छ वाक्य. दोनदा वाचलं.

९ फेब्रुवारी
मुदतवाढ कळस आहेत. आज प्रस्ताव आणला की थकलेल्या देशाला नवीन कर्ज द्यावं, म्हणजे तो त्यातून जुनं व्याज भरेल आणि खातं नियमित दिसेल. मी सगळ्यांसमोर विचारलं, डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकलं की माणूस श्रीमंत होतो का? मॅडम हसल्या. मुदतवाढ चहा ढवळत बसले. साखर घेत नाहीत.

१३ फेब्रुवारी
दादाच्या लॉन्ड्रीतलं मोठं मशीन बंद पडलं. साठ हजार मागितले. मशीन नाही तर धंदा नाही, धंदा नाही तर माझे बारा लाख नाहीत. तेव्हा दिले. ही दया नव्हे, मालमत्तेचं संरक्षण.
राखीव निधी वापरलेला नाही. स्थलांतरित केला आहे.

१५ फेब्रुवारी
दादाने दोन महिन्यांचं व्याज पाठवलं! बारा हजार! आईला फोन केला, बघ, सुरुवात झाली. आई म्हणाली, सख्ख्या भावाकडून व्याज घेतेस, बोलायला जीभ कशी रेटते गं? तिला वित्त कळत नाही.
बारा हजार राखीव निधीत परत टाकले. शिस्त.

२ मार्च
धोरणात आज महत्त्वाचं कलम लिहिलं. अडचणीतला देश आधी आमच्या बँकेचे पैसे देतो, मग इतरांचे. हा आमचा मान. दादाच्या बाबतीत हा मान मला जन्मतःच आहे.
फ्लॅटसाठी पडदे शिवून घेतले. सहा नग, सात फुटी. नवं कापड आटतं, म्हणून धुवायला दादाकडे टाकले.

१९ मार्च, दुपारी १
धोरण संचालक मंडळात मंजूर! एकही दुरुस्ती नाही. मॅडम म्हणाल्या, तुझ्या लिखाणात पळवाट सापडत नाही.
त्या आनंदात लॉन्ड्रीत गेले. दादाने वही उघडीच ठेवली होती. साबणवाल्याचे दिले. दुकानमालकाचे दिले. वहिनीच्या स्कूटरचा हप्ता दिला. मी विचारलं, माझे? तो म्हणाला, ठमे, ते लोक दारात येऊन ओरडतात. तू कुठे ओरडतेस? मी म्हटलं, मी पत्र पाठवलंय, तीन स्मरणपत्रं. म्हणाला, हो, छान होती, आईला वाचून दाखवली.
तरीही बारा दिवस हातात आहेत.

२६ मार्च
दादा म्हणाला, मार्च म्हणजे मार्चच असं नाही, मार्चच्या सुमाराला. मी विचारलं, कोणत्या वर्षीचा? त्यावर म्हणाला, तू बँकेत आहेस की पोलिसात?
हरकत नाही. घरकर्ज निधीत अर्ज केला, बारा लाखांचा. नियम मला पाठ आहेत. शिल्लक तीन लाख बावन्न हजार, अधिक दादाकडचं येणं. चार लाखांच्या कितीतरी वर. ‘किती दिवस थकीत’ या रकान्यात इतर लोक ‘थोडे’ वगैरे लिहितात. मी लिहिलं, ४९४.

३० मार्च, दुपारी ४
अर्ज परत आला. निधीच्या कारकुनाने नियमावलीची प्रत जोडली होती. एका वाक्याखाली हिरव्या शाईची रेघ. वाक्य ओळखीचं होतं.
येणं शून्य. उरले तीन लाख बावन्न हजार. अठ्ठेचाळीस हजार कमी. मी विचारलं, काहीच सवलत नाही? कारकून म्हणाला, पूर्वी होती हो, नातेवाइकांची. जानेवारीत कुणीतरी खोडली. कोणी ते त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.
निधीच्या समितीत मुदतवाढ असतात, हे मला माहीत नव्हतं. अर्जाच्या मागे त्यांचा शेरा होता: ‘अर्जदाराची नियत चांगली आहे. सवलत द्यावी.’ खाली मॅडमची सही: ‘नियमात बसत नाही.’

३१ मार्च
टोकन जप्त. बिल्डरच्या ऑफिसातल्या बाईकडे पावती मागितली तर म्हणाली, कसली? काही दिलं नाही ना आम्ही.
थकीत दिवस: ४९९.

६ एप्रिल, सकाळी १०
काल दादा खोलीवर आला. सहा पडदे, धुतलेले, कडक इस्त्री. म्हणाला, ठमे, तुझ्याकडून धुलाईचे पैसे घेणार नाही बरं का. खोलीची खिडकी चार फुटी. पडदे खाली लोळतात. कापून देऊ का, विचारत होता. नको म्हटलं. खाली बसून त्याने सगळ्यांना पिना लावल्या. तेवढ्यात जेवलाही.
वसुली: सहा पडदे. पण रोख हातात पडल्याशिवाय उत्पन्न धरता येत नाही, आणि पडदे म्हणजे रोख नव्हे. कलम माझंच आहे.
थकीत दिवस: ५०५. दादाला डिसेंबरपर्यंत वेळ दिला. नोंद करताना ‘कारण’ हा रकाना कोरा राहिला. शेवटी इंटरकॉमवर मुदतवाढांना विचारलं, तुम्ही तिथे काय लिहिता?
हसले नाहीत. म्हणाले, पूर लिहा, ताई.
लिहिलं.