खाटल्यावरचा पोदेर

११ नोव्हेंबर, सोमवार

आली! मांद्र्याहून टेम्पोत आडवी घालून आणली. टेम्पोवाला विचारतो, ही सायकल मोडलेली की आजाऱ्याची खुर्ची? म्हटलं, तू गाडी चालव.

गेस्टहाऊसमधला जर्मन म्हातारा कायमचा परत चालला, त्याने दिली. सहा वर्षं त्याच्या दारात मी पाव घातला, एक दिवस चुकलो नाही. पुढे लांब नळी, नळीच्या टोकाला पेडल. मागे जाळीची आरामखुर्ची. पाय पुढे सोडायचे, पाठ टेकायची आणि जवळजवळ निजून चालवायची. म्हापशाच्या फिजिओ बाईला फोटो दाखवला होता. म्हणाली, साधी सायकल आता विसरा, ही चालेल, हिच्यात मणक्यावर भार नाही. ही वही लिहायलाही तिनेच सांगितलं आहे. रोज कुठे दुखलं, किती दुखलं ते लिहा म्हणे.

बरं. कंबर — थोडी. डावा पाय — मुंग्या. जीव — खूप.

गौरेश, आता बघच तू.

१२ नोव्हेंबर

अंगणात पाच वेळा पडलो. एक बरं, पडायला उंचीच नाही. जमीन हातभर खाली.

कंबर — तेवढीच. कोपर — सोललं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुखणं लिहायचं तर सगळंच लिहितो. हे बाईला दाखवायचं नाही.

चोवीस वर्षं मी पोदेर, चोपडे ते मांद्रे दारोदार पाव घातला. बासष्ट घरं. कुठल्या घरात गोल उंडे, कुठल्या घरात बांगडीसारखी कडक कांकणं, कुणाच्या म्हाताऱ्याला कालचा पाव लागतो, सगळं तोंडपाठ. जुलैत पावाची पाटी उचलताना कमरेत काहीतरी सरकलं आणि रस्त्यातच बसलो. तीन महिने खाटेवर. सख्ख्या चुलत्याचा मुलगा गौरेश, त्याला सायकलवर पाटी बांधायला मी शिकवलं. तो उशाशी बसून म्हणाला, दादा, तू बरा होईपर्यंत तुझी लाइन मी बघतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मूर्ख मी.

ऑगस्टात कायतानचा फोन. बेकरी त्याची, पाव त्याच्या भट्टीचा, लाइन कुणाला द्यायची ते तोच ठरवतो. म्हणाला, "धाकू, तूं आतां उठचो ना म्हूण माका सांगलां. लायन गौरेशाक दिली." कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर, "तें सोड रे," आणि फोन ठेवला.

सोड कसं? मी उठणार नाही असं सांगून फायदा कुणाचा? जो माझ्या लाइनवर फिरतो आहे त्याचा. हे कळायला शाळा लागत नाही. खाटेवर पडल्या पडल्या रोज पहाटे त्याच्या स्कूटरचा भोंगा ऐकला मी. माझ्याच दारासमोरून जायचा, माझ्याच घरांना पाव घालायला!

लाइन परत घेणार. आणि तो खोटारडा आहे हे कायतानच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेणार. मग मरायला मोकळा.

१५ नोव्हेंबर

तारा सीट धरते आहे. बायको म्हणून नाही, दुसरं कोणी हसल्याशिवाय धरेना म्हणून. सीट गुडघ्याएवढी खाली, त्यामुळे तिला कमरेत वाकून धरावं लागतं आणि तसंच वाकून मागे धावावं लागतं. देवळापर्यंत चार फेऱ्या झाल्या. मी ओरडतो, सोडू नको गो! ती म्हणते, धरलंय.

या सायकलीवर मागे वळून बघता येत नाही. मान वळवली की सायकल वळते, सायकल वळली की टाच पुढच्या चाकाला लागते, आणि मग गटार.

१७ नोव्हेंबर, रविवार

डावा गुडघा समोरून दुखतो. जर्मनाच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. त्याने म्हाताऱ्याला विचारून कळवलं — समोरून दुखलं तर नळी आखूड पडते आहे, मागून दुखलं तर लांब होते आहे. नट सैल करून नळी दोन बोटं पुढे काढली. नळी पुढे गेली तर साखळी कमी पडली! म्हाताऱ्याने साखळीचे जादा दुवे डबीत घालून दिलेत, ते का, हे आज कळलं. चार दुवे जोडले. हात काळे, पण गुडघा गप्प.

पाठीचा पाट एक भोक खाली टेकवला. जास्त टेकवला तर आकाश दिसतं, रस्ता नाही.

२० नोव्हेंबर

गुपित सापडलं. हँडल घट्ट धरायचं नाही. खांदे सोडायचे, चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं. सुरुवात हलक्या गिअरवर. आज ताराला धर धर म्हणत देवळाच्या पुढे गेलो, तर ती मागून लांबून म्हणते, "मघाच सोडलं मी!" तेवढ्यात पडलो, पण ते आनंदाने.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर. पोरं मागून, खाटल्यावरचा पोदेर, खाटल्यावरचा पोदेर! ओरडू दे. पण समोरून तो आला. गौरेश. स्कूटरवर मागे माझीच निळी ताडपत्री घातलेली पाटी. थांबला. म्हणाला, "दादा, जपून हां. उतारावर जाऊ नको."

मला सांगतो, जपून! माझा घास काढून घेऊन वर मलाच, सावकाश जेव! घरी येऊन ताराला सांगितलं. तारा म्हणाली, त्याने चांगल्या मनाने सांगितलं असेल. मी ताट सारलं.

संध्याकाळी ताराला न सांगता गावाच्या देवाच्या, राखणदाराच्या घुमटीकडे गेलो. गुरव होताच. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरवाने विचारलं, "नांव कोणाचा घालू?" नाव घातलं असतं तर उद्यापर्यंत सगळ्या गावात झालं असतं, आणि खरं सांगायचं तर चुलतभावाचं नाव जिभेवर येईना. म्हटलं, नाव नको, राखणदाराला ठाऊक आहे. मग गुरवाने म्हटलं, बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची लाइन जेणें मोडली, तेची कंबर तशीच मोड जशी हेची मोडली. मी म्हटलं, व्हय म्हाराजा. मोठ्याने म्हटलं.

कंबर — नाही. जीव — शांत. बऱ्याच दिवसांनी.

२५ नोव्हेंबर

झोप उत्तम.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कायतानकडे गेलो. सायकलवर, भट्टीच्या दारापर्यंत! सगळे कामगार बाहेर आले. कायतान हसला, मग सायकलीभोवती फिरला, मग हसायचा थांबला. म्हणाला, नाताळाआधी एका सकाळी पूर्ण पाटी घेऊन पूर्ण लाइन फिरून दाखव. बासष्ट घरं, कुणी उपाशी राहता कामा नये. मग बोलू.

बोलूच आपण. तुझ्याशीही आणि दुसऱ्याशीही.

१ डिसेंबर

ताराला सांगितलं, पाटी बांधायची आहे. ती म्हणाली, "रिकामी चालवा ना तुम्ही. पाटी कित्याक? जीव रमतो तेवढं पुरे." म्हटलं, जीव रमवायला मी काय पेन्शनर? तिने तोंड फिरवलं. हिला काही कळत नाही. माझी लाइन म्हणजे माझं नाव. नाव गेलेला माणूस खाटेवर पडला काय आणि सायकलवर पडला काय!

३ डिसेंबर, मंगळवार

पाटी सीटच्या मागे बांधली आणि पुढचं चाक उचललं गेलं. मी उताणा, पाव रस्त्यावर, कुत्र्यांची चंगळ.

सीट पुढे सरकवली. पाटी खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या केल्या. नळी परत एक बोट आत, साखळीचे दोन दुवे परत बाहेर. तारा मागून धरून, आता वजनासकट. देवळापर्यंत, मग पिंपळापर्यंत, मग पुलाच्या तोंडापर्यंत. मी म्हणतो, धर. ती धरते.

पाय पेडलवरून घसरतो. घसरला आणि जमिनीला लागला तर सायकल पायावरून जाते, हे काल कळलं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पाय पेडलला अडकवले.

८ डिसेंबर

त्याच्या स्कूटरच्या बॅटरीचा भोंगा रडतो. माझा पितळी भोंगा काढून चिंचेने घासला. सोन्यासारखा!

१२ डिसेंबर, गुरुवार

आरसा बसवला. महिनाभर मागे काय चाललंय ते बघितलंच नव्हतं. आज आरशात पहिल्यांदा बघितलं तर पिंपळाच्या वळणावर तारा थांबलेली. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, बराच वेळ. दमली असेल. मला थांबता आलं नाही, चढ होता.

रविवारी लाइन. कायतानने गौरेशला त्या दिवशी सुट्टी दिली आहे. सुट्टी! सवय करून घे म्हणावं.

१५ डिसेंबर, रविवार

झाली! बासष्टच्या बासष्ट!

पहाटे भट्टीवरून गरम पाव भरला. दोन्ही पाट्या गच्च. सपाटीवर ही सायकल अशी पळते की वारा अंगावरून निघून जातो, अडवतच नाही. चढावर मात्र गोगलगाय, गिअर सगळ्यात खाली, श्वास घशात. पण उतरून ढकलली नाही, एकदाही नाही.

मालतीबायच्या बलकांवाखाली भोंगा वाजवला. ती कठड्यावरून इकडे तिकडे बघते, मी दिसतच नाही. "पोदेर खंय?" खाली, मी म्हटलं. तिने वाकून बघितलं आणि तोंडावर हात घेतला. मग म्हणाली, "तू जिवंत आसा रे धाकू! माका वाटलां..." तिचे चार उंडे, दोन कांकणं. विचारावं लागलं नाही. पाव घेतल्यावरही ती जिन्यात उभी राहिली, मी दिसेनासा होईपर्यंत. आरशात बघितलं.

शेवटच्या घरापाशी, मांद्र्याच्या नाक्यावर गौरेश. स्कूटर नव्हती, चालत आला होता. म्हणाला, "बरें केलंस दादा." मी भोंगा वाजवला आणि त्याच्या पायांजवळून सायकल काढली. तोंडाकडे बघितलंच नाही. चार महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो हाच. कसा वाटला ते लिहू? तिखट लागलं. परत परत खावंसं वाटलं.

उद्या कायतान. उद्या सगळ्या भट्टीसमोर.

कंबर — नाही. पाय — नाही. जीव — विचारूच नका!

१६ डिसेंबर, सोमवार

भट्टीवर सगळे होते. गौरेशही होता, पाट्या भरत. कायतान म्हणाला, लाइन तुझी. मी म्हटलं, लाइन घेतोच, पण आधी या सगळ्यांसमोर सांग, मी उठणार नाही असं तुला खोटं कुणी सांगितलं. आणि गौरेशकडे बोट केलं. बोट केलं मी.

कायतानने हातावरचं पीठ पुसलं. मला बाजूला, लाकडं ठेवतात तिथे नेलं. हळू बोलला.

"गौरेश? तो तर नाका म्हणत होता. दादाची लाइन आहे म्हणाला, चार दिवस घ्यायलाच तयार नव्हता. तुझी तारा आली होती, धाकू. इथेच उभी राहून रडली. डॉक्टरने तिला सांगितलेलं, परत पाटी उचलली तर पाय जाणार. तिने मला हात जोडले — लाइन मोडून टाका त्याची, नाहीतर तो उठून परत येईल. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. तुझी सायकल आली तेव्हा तारा परत माझ्याकडे आली होती. म्हणाली, पाठीला भार नाही म्हणतात, तर बघू दे त्याला."

मी तिथेच लाकडावर बसलो. गौरेश समोर पाट्या भरत होता. माझ्या. दोन्ही बाजूंना सारख्या, मी बांधतो तशा. कुठून शिकला? माझ्याकडूनच.

लाइन फिरलो. कुठल्या घरात काय दिलं, आठवत नाही. घरी ताराने पेज वाढली. विचारलं, कायतान काय म्हणाला? म्हटलं, लाइन माझी. तिने बरं म्हटलं. मी तिच्याकडे बघितलं नाही आणि तिने माझ्याकडे.

जेणें लाइन मोडली, असंच म्हटलं होतं ना गुरवाने? आणि मी, व्हय म्हाराजा.

१७ डिसेंबर

आज तारा माझ्यानंतर उठली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. एक हात भिंतीला, एक कमरेला. डावा पाय टेकवताना थांबली.

काय झालं म्हणून विचारलं तर हसली. "काही नाही ओ. महिनाभर वाकून धावले ना मागे, त्याचं असेल."

पाव घालायचा गौरेशला निरोप दिला. सायकल आत ठेवली. चालत गुरवाकडे चाललो आहे. दिलेलं गाऱ्हाणं परत घेता येतं का ते विचारणार. येत नसेल तर या खेपेला नाव घालायला सांगणार. माझं.